बेभरवशाच्या बाजारात तुरीचा पेरा

मृगाच्या तोंडावर मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे एक प्रश्न दरसाल फिरत असतो : यंदा तूर किती टाकायची? सोयाबीनचं आणि कपाशीचं गणित बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. तुरीचं बसत नाही. २०१५च्या अखेरीस क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेली तूर २०१७ मध्ये साडेतीन-चार हजारांत विकावी लागली. २०२४च्या मध्यावर ती पुन्हा अकरा-बारा हजारांवर पोचली आणि वर्षभरात साडेसहा-सात हजारांवर उतरली. रान तेच, बियाणं तेच, राबणारे हातही तेच. बाहेरचं काहीतरी बदलत गेलं आणि त्यातलं काहीही पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याला दिसत नव्हतं.

हा प्रश्न सगळ्या अंगांनी तपासून पाहिला पाहिजे, कारण तो सोडवण्याची आपली रूढ पद्धत चुकीची आहे असं माझं मत आहे. गेल्या हंगामाचा भाव बघून या हंगामाचा पेरा ठरवायचा, ही ती पद्धत. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं. तूर जूनअखेर पेरली की डिसेंबर-जानेवारीशिवाय हाती येत नाही. या पाच-सहा महिन्यांत पाऊसपाणी बदलतं, म्यानमारमधून आणि आफ्रिकेतून जहाजं निघतात, दिल्लीत अधिसूचना निघतात. शिवाय गेल्या वर्षीचा चढा भाव फक्त आपल्यालाच दिसलेला नसतो. तो गुलबर्ग्यापासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना दिसलेला असतो आणि सगळे एकाच वेळी पेरा वाढवतात.

२०१५ ते २०१७ या दोन वर्षांत हे सगळं इतकं उघडपणे घडलं की त्याचा तपशील पुन्हा सांगायलाच हवा. सलग दोन दुष्काळांनी देशातलं तुरीचं उत्पादन पंचवीस लाख टनांच्या आसपास आलं. तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, साठ्यांवर छापे पडले. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला : दरवर्षी एक लाख टनांपासून सुरुवात करून दोन लाख टनांपर्यंत तूर घ्यायची. त्याच खरिपासाठी केंद्राने तुरीचा हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये केला आणि शेतकऱ्यांना कडधान्यं पेरण्याचं आवाहन केलं. पाऊस चांगला झाला. शेतकऱ्यांनी ऐकलं. देशात अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास लाख टनांच्या आसपास तूर पिकली, त्यातली सुमारे वीस लाख टन एकट्या महाराष्ट्रात. त्याच आर्थिक वर्षात सर्व कडधान्यांची मिळून पासष्ट लाख टनांहून जास्त आयात झाली.

पुढचं सगळ्यांना आठवतं. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून बंद पडलेले काटे, ग्रेडरने परत पाठवलेला माल, आणि एप्रिलमध्ये नाफेडची खरेदी थांबली तेव्हा केंद्रांच्या आवारात तशीच पडून राहिलेली पोती. राज्य सरकारला पुढे स्वतःची खरेदी सुरू करावी लागली. सगळी मिळून खरेदी पंचाहत्तर लाख क्विंटलांपर्यंत गेली, तरी ज्यांनी आधीच चार हजारांना तूर घातली होती त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या वर्षीच्या निर्णयांच्या तारखा मात्र फारशा कोणी लक्षात ठेवलेल्या नाहीत. तुरीवर दहा टक्के आयात शुल्क लागलं मार्च २०१७ मध्ये. आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली ऑगस्ट २०१७ मध्ये. निर्यातबंदी उठली त्याच्याही नंतर. प्रत्येक निर्णय योग्य दिशेचा होता. पण त्यातला प्रत्येक निर्णय तूर कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातून निघून गेल्यावर आला. सप्टेंबर २०१६ मध्येच तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सांगितलं होतं की खरेदी जोमाने करा, साठ्यांवरची बंधनं आणि निर्यातबंदी उठवा, तुरीचा हमीभाव २०१७च्या खरिपासाठी सहा हजारांवर न्या. त्या खरिपासाठी प्रत्यक्षात जाहीर झाला तो ५,४५० रुपये.

दुसरा फेरा २०२१ मध्ये सुरू झाला. मे महिन्यात तुरीची आयात पुन्हा खुली झाली आणि ती मुदत वर्षावर्षाने वाढत राहिली. मोझांबिकबरोबर मलावी आणि म्यानमारशीही करार झाले. जून २०२३ मध्ये साठामर्यादा लागली, जून २०२४ मध्ये पुन्हा लागली. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा बिनशुल्क येऊ लागला. वाटाण्याचा तुरीशी थेट संबंध दिसत नाही, पण बेसनात आणि स्वस्त डाळीत तो सगळ्याच कडधान्यांची जागा खातो. २०२४-२५ मध्ये तुरीची आयात बारा लाख टनांच्या आसपास गेली आणि सर्व कडधान्यांची सत्तर लाख टनांच्या वर. त्याच हंगामाचा तुरीचा हमीभाव होता ७,५५० रुपये. बिनशुल्क आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवल्याची अधिसूचना निघाली जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे लातूरच्या आणि अकोल्याच्या बाजारात नव्या तुरीची आवक चढत असतानाच. भाव हमीभावाखाली गेला आणि तिथेच राहिला.

आयातीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. डाळ हे या देशातल्या कष्टकरी माणसाचं प्रथिन आहे. तूरडाळ दोनशे रुपये किलो होते तेव्हा मजुराच्या घरात वरण पातळ होतं, आणि त्या मजुरांत अल्पभूधारक शेतकरीही असतो. तो स्वतः पिकवलेली तूर जानेवारीत विकतो आणि ऑगस्टमध्ये डाळ विकत घेतो. देशात लागते तेवढी तूर पिकत नाही, हे गेल्या काही वर्षांचं वास्तव आहे. त्यामुळे आयात बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझी तक्रार आयातीच्या वेळेबद्दल आहे. आयात किती, कोणत्या शुल्कावर आणि कधीपर्यंत, हे पेरणीआधी कळलं तर शेतकरी त्याप्रमाणे पेरा कमी-जास्त करील. काढणीच्या वेळी कळलं तर त्याच्या हातात उरतो तो फक्त तोटा.

या धोरणाची झळ आपल्याच शेतकऱ्याला बसते असंही नाही. मोझांबिकच्या उत्तरेत आणि मलावीत लहान शेतकऱ्यांनी तूर वाढवली ती भारतासाठी. तिथे तिचं घरगुती खाणं थोडं, आणि आपल्या दारात न आलेल्या मालाला दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही. २०१७ मध्ये आपण दोन लाख टनांची मर्यादा घातली तेव्हा तिथले भाव कोसळले. लातूर जिल्ह्यातल्या जळकोटचा आणि मोझांबिकमधल्या नाम्पुलाचा शेतकरी एकमेकांचे स्पर्धक म्हणून दाखवले जातात. मला ते एकाच अधिसूचनेची वाट पाहणारे दोघे वाटतात.

जगात हा पेच इतरत्रही आहे आणि त्यातून शिकण्यासारखं काही आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पूर्व भागात फाबा बीन हे कडधान्य हिवाळी पीक म्हणून घेतात. आपल्याकडे बिहारमध्ये आणि पूर्व उत्तर प्रदेशात ते बाकला या नावाने थोडंफार होतं. ऑस्ट्रेलियातल्या या मालाचा सर्वांत मोठा ग्राहक इजिप्त, कारण तिथे सकाळची न्याहारी म्हणजे याच दाण्यांची उसळ. नोव्हेंबर २०१६ मध्ये इजिप्तने आपलं चलन खुलं सोडलं, त्याची किंमत जवळजवळ निम्मी झाली आणि तिथल्या आयातदाराला तोच माल दुपटीने महाग पडू लागला. पुढे २०२२ नंतर तिथे डॉलरची टंचाई झाली. ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याला पेरताना यातलं काही दिसण्याची शक्यता नव्हती. तरीही तिथला पेरा टिकून आहे. तिथला जाणता शेतकरी या पिकाचा हिशेब फक्त त्याच्या पोत्यांवर करत नाही. गव्हाच्या पाठोपाठ गहू घेतला की मुळांचे रोग आणि गवत वाढतं. मध्ये एक कडधान्य घातलं की पुढच्या गव्हाला नत्र मिळतं, रोगाची साखळी तुटते, तणनाशकाला वेगळा पर्याय मिळतो. कडधान्याला भाव मिळाला तर वरकड, नाही मिळाला तरी गव्हाने काही भरून दिलेलं असतं. इजिप्तच्या चलनावर त्या शेतकऱ्याची सत्ता नाही, पण आपल्या पीकफेरीवर आहे.

आपल्या तुरीकडे या नजरेने बघितलं की प्रश्नाचं रूपच बदलतं.

तुरीचं सोटमूळ खोल जातं. सोयाबीन जिथे पोचत नाही तिथली ओल ती ओढते, म्हणून सप्टेंबरात पावसाने दडी मारली तरी ती तग धरते. पानगळ भरपूर होते आणि रानातच कुजते. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात. याशिवाय एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जमिनीत लोहाशी घट्ट बांधला गेलेला स्फुरद बहुतेक पिकांना मिळत नाही. तुरीच्या मुळांतून स्रवणारी काही आम्लं तो मोकळा करतात, हे हैदराबादजवळच्या पाटणचेरूतल्या इक्रिसॅट संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिलं. हलक्या, भुकेल्या रानात तुरीनंतरची ज्वारी किंवा कपाशी बरी येते, हा जुन्या शेतकऱ्यांचा अनुभव पोकळ नाही. उरलेल्या तुराट्या चुलीला, कुडाला, मांडवाला कामी येतात आणि कुटार जनावरांना. या सगळ्याला बाजारभाव नाही, म्हणून ते हिशेबात धरलं जात नाही.

पण तुरीचे दोषही तेवढेच खरे आहेत आणि त्यांच्याकडे काणाडोळा करून कोणालाही तूर पेरायला सांगू नये. पहिला दोष मर रोग. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहते. त्याच त्या रानात तुरीवर तूर घेत गेलं की फुलोऱ्यात आलेलं हिरवंगार झाड चार दिवसांत वाळतं. दुसरा वांझ रोग. बारीक कोळी तो पसरवतात, झाड पालेदार राहतं आणि शेंग धरत नाही. तिसरं, पाणी साचणाऱ्या काळ्या रानात अतिवृष्टीच्या वर्षी खोडकूज लागते. आणि चौथं, जे सगळ्यांत जास्त छळतं ते नोव्हेंबर-डिसेंबरातलं ढगाळ हवामान. फुलं गळतात, शेंगा पोखरणारी अळी आणि शेंगमाशी वाढते, फवारण्यांवर फवारण्या होतात. विदर्भात जंगलालगतच्या गावांत रोही आणि रानडुकरं सलग तूर ठेवतच नाहीत. तिथे रात्रीची जागल हा वेगळाच खर्च आहे आणि तो कुठल्याही उत्पादन खर्चाच्या तक्त्यात येत नाही.

म्हणून मी आधी उताऱ्याकडे बघायला सांगतो, मग भावाकडे. समजा एकराला सोळा हजार रुपये खर्च आला. तीन क्विंटल उतारा पडला तर क्विंटलला सव्वापाच हजारांहून जास्त पडतात, सहा क्विंटल पडला तर पावणेतीन हजारांच्या आत. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने २०२५-२६ साठी तुरीचा उत्पादन खर्च क्विंटलला ५,०३८ रुपये धरला आणि त्यावर ८,००० रुपये हमीभाव जाहीर झाला. तो खर्च सरासरीचा आहे. राज्यात तुरीचा सरासरी उतारा हेक्टरी आठ-नऊ क्विंटलच्या आसपास फिरतो, म्हणजे एकरी साडेतीन. ज्याच्या रानात तूर साडेतीनच्या बरीच खाली उतरते त्याला आठ हजारांचा हमीभावही तोकडा पडू शकतो, आणि ज्याच्या रानात ती ठिबकवर सात-आठ क्विंटल देते त्याला साडेसहा हजारही पुरतात.

दुसरा हिशेब मला याहून महत्त्वाचा वाटतो. तूर रान जानेवारीपर्यंत अडवून ठेवते. तिची खरी स्पर्धा सोयाबीननंतर त्याच रानात येणाऱ्या हरभऱ्याशी आहे. आकडे घालून बघू. हे आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

सोयाबीनमध्ये तुरीची तासं टाकली आणि एकरी अडीच क्विंटल तूर निघाली असं धरू. त्यासाठीचा जादा खर्च आणि सोयाबीनमधली घट मिळून पाच हजार. आता एक रान भारी आहे, विहिरीचं पाणी आहे. तिथे तुरीऐवजी सोयाबीननंतर हरभरा घेतला तर सहा क्विंटल होतो. ५,४०० रुपयांनी बत्तीस हजार चारशे आले, तेरा हजार खर्च वजा जाता १९,४०० उरले. या रानात तुरीने हरभऱ्याची बरोबरी करायची तर तुरीला पावणेदहा हजारांच्या आसपास भाव हवा. दुसरं रान हलकं, कोरडवाहू. तिथे सोयाबीन काढेपर्यंत ओल उडून जाते, हरभरा झालाच तर तीन क्विंटल. दहा हजार खर्च वजा जाता सहा हजार दोनशे उरतात. या रानात तूर साडेचार हजारांना गेली तरी हरभऱ्याच्या बरोबरीला येते.

एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच भावाला दोन रानांची उत्तरं इतकी वेगळी येतात. पहिल्या शेतकऱ्याने आयातीच्या बातम्यांवर बारीक नजर ठेवली पाहिजे, कारण त्याची तूर फक्त तेजीतच परवडते. दुसऱ्याने त्या बातम्यांनी फार विचलित व्हायचं कारण नाही. २०१७सारखं वर्ष आलं तर तोही होरपळेल हे खरं आहे. पण मधल्या बहुतेक वर्षांत तुरीचा भाव त्याच्या रेषेच्या वरच राहिलेला आहे. हरभऱ्यालाही पिवळ्या वाटाण्याचा मार बसतो, त्यामुळे हरभऱ्याचा भाव पक्का धरून चालू नये, हेही पहिल्या शेतकऱ्याने ध्यानात घ्यावं.

यातूनच सलग तूर की आंतरपीक याचं माझं उत्तर निघतं. महाराष्ट्रातली तूर मोठ्या प्रमाणावर आंतरपीक म्हणूनच टिकली आहे. सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या एक-दोन, कपाशीत सहा-आठ तासांनी एक, कुठे ज्वारीत, कुठे मूग-उडदात. सोयाबीन ऑक्टोबरात निघून गेलं की तूर मोकळ्या रानात फांद्या टाकते. सोयाबीनवर यलो मोझॅक आला किंवा काढणीला पावसाने झोडपलं तर तूर काही हाती ठेवते. तूर धुक्याने गेली तर सोयाबीन आधीच घरात आलेलं असतं. ज्वारीतल्या तुरीला मर कमी लागते हेही इक्रिसॅटच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. पीकविम्याचे हप्ते येण्याच्या शेकडो वर्षं आधी लोकांनी शोधलेला हा विमा आहे, आणि यंत्राने काढायला सोपी म्हणून सलग सोयाबीनची जी लाट आली तिने तो मोडत आणला, याचं मला वाईट वाटतं. सलग तूर घ्यायची तर ती ठिबकवर, रुंद अंतरावर, वेळेत शेंडे खुडून, फवारणीला माणूस आणि पैसा जवळ ठेवून घ्यावी. भाव बरा दिसला म्हणून ऐनवेळी चार एकर सलग टाकणं हा मात्र जुगार होतो.

वाणाची निवड हा थोडक्यात सांगण्यासारखा भाग आहे, कारण इथे संशोधनाने आपलं काम चोख केलं आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बदनापूरचं केंद्र तुरीसाठी ओळखलं जातं. तिथला बीएसएमआर ७३६ मर आणि वांझ दोन्हींना दाद देत नाही, पण तो उशिरा येतो, म्हणून भारी रानाचा. बीडीएन ७११ हा पांढरा वाण दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत येतो आणि हलक्या-मध्यम रानात पाऊस लवकर गेला तरी साधतो. बीडीएन ७१६ लाल आहे. गोदावरी हा त्याच केंद्राचा अलीकडचा पांढरा वाण, आणि राहुरीचा फुले राजेश्वरीही लोकांनी उचलला आहे. बाजारात पांढऱ्याला आणि लालला वेगवेगळा भाव लागतो, आणि तो फरक गावागणिक बदलतो. तेव्हा आपला माल ज्या मोंढ्यात जाणार तिथल्या अडत्याला बियाणं घेण्याआधी विचारावं. लवकर येणाऱ्या वाणाचा आणखी एक फायदा असा की आवकेचा जोर चढण्याआधी माल बाजारात पोचतो.

आता विक्री. शेतकऱ्याच्या हातात खऱ्या अर्थाने राहणारा निर्णय इथे आहे. तूर सोयाबीनपेक्षा बरी टिकते. नीट वाळवून, भुंग्यापासून जपून ठेवली तर पावसाळ्यापर्यंत राहते. पण जानेवारीत हातउसने, कृषी सेवा केंद्राची उधारी, पीककर्ज आणि लग्नसराई एकत्र येतात आणि माल खळ्यावरूनच मोंढ्यात जातो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवायची, तिच्या किमतीच्या पाऊण हिस्सा रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायची. योजना चांगली आहे. अडचण अशी की ती जिथे सगळ्यांत जास्त हवी तिथल्या लहान बाजार समित्यांकडे गोदाम नाही किंवा निधी नाही. साठवणूक म्हणजे भाव वाढण्याची खात्री नव्हे हेही सांगितलं पाहिजे. २०२५ मध्ये जानेवारीत सात-साडेसात हजारांना न विकता थांबलेल्यांना उन्हाळ्यात त्याहून कमी मिळालं. म्हणून सगळा माल एकदम विकू नये तसा सगळा अडवूनही धरू नये. देणी भागतील एवढा पहिल्या महिन्यात, उरलेला दोन-तीन टप्प्यांत, हेच शहाणपणाचं.

डाळ करून विकण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. क्विंटलभर तुरीची साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, चुनी वेगळी. गावात छोटी गिरणी असेल, पुण्यात-मुंबईत नेहमीची गिऱ्हाइकं असतील तर दोन-चार क्विंटलांपुरतं ते जमतं. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये आणि त्याआधी नवापूरच्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशा थेट विक्रीला उपयोगी पडेल. पण चाळीस क्विंटल तूर पिकवणाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. ती तूर लातूरच्या, जालन्याच्या, अकोल्याच्या डाळ गिरण्यांतच जाणार, आणि गिरणीवाला भाव करताना मुंबई बंदरातल्या आफ्रिकन आणि म्यानमारी तुरीचा दर समोर ठेवूनच करणार. उद्याचा भाव आज बांधून घेण्याची सोयही नाही. तुरीचे वायदे २००७ मध्ये बंद झाले, हरभऱ्याचे २०२१ मध्ये.

राहिला हमीभाव. कागदावर तो चांगला चढला आहे : २०२०-२१ मध्ये ६,०००, २०२३-२४ मध्ये ७,०००, २०२५-२६ मध्ये ८,०००. पण हमीभाव म्हणजे त्या भावाने खरेदी होण्याची शक्यता, आणि ती शक्यता केंद्र किती जवळ आहे, ई-पीक पाहणीत तुरीची नोंद झाली आहे का, ओल बारा टक्क्यांच्या आत आहे का, जिल्ह्याची हेक्टरी मर्यादा किती ठरली, बारदाना आहे का, पैसे किती दिवसांत येतात, यांवर ठरते. आंतरपिकातल्या तुरीची अडचण आणखी वेगळी. सातबाऱ्यावर सोयाबीन चढतं आणि तुरीची तासं नोंदवायची राहून जातात. पुढे हमीभावाला जाताना तीच चूक नडते. तूर पेरणाऱ्या प्रत्येकाने ऑगस्टात हे काम स्वतः मोबाईलवर बघावं. त्यावर क्विंटलमागे हजार रुपये अवलंबून असू शकतात.

जानेवारी २०२४ मध्ये नाफेड आणि एनसीसीएफ या खरेदी संस्थांसाठी तूर उत्पादकांच्या आगाऊ नोंदणीचं पोर्टल सुरू झालं. २०२५च्या अर्थसंकल्पात कडधान्य आत्मनिर्भरतेचं सहा वर्षांचं अभियान जाहीर झालं आणि ऑक्टोबरात ११,४४० कोटी रुपयांसह त्याला मंजुरी मिळाली. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर चार वर्षं पूर्णपणे हमीभावाने घेण्याचं वचन त्यात आहे. हे वचन पाळलं गेलं तर माझा वरचा हिशेब बदलेल. आठ हजार खात्रीचे झाले तर मध्यम रानातली आणि थोड्या पाण्याची तूरही हरभऱ्याशी टक्कर देऊ लागेल. पण जो देश बिनशुल्क बारा लाख टन तूर आत घेतो त्याला ती सगळी खरेदी स्वतःच्या गोदामात भरावी लागेल, आणि ती गोदामं भरली की कोणत्या महिन्यात, किती भावाने बाजारात सोडायची, हा प्रश्न २०१७ नंतर जसा उभा राहिला तसाच उभा राहील. आयातीचं धोरण आणि खरेदीचं धोरण वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या तारखांना निघत राहिलं तर एकाने दिलेलं दुसरा काढून घेईल.

म्हणून शेतकरी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी हमीभावाच्या आकड्याइतकाच जोर तारखांवर लावावा असं मला कळकळीने वाटतं. आयातीचं शुल्क आणि मर्यादा ३१ मेच्या आत जाहीर व्हावी आणि पुढच्या ३१ मेपर्यंत बदलू नये. भाव हमीभावाच्या खाली गेला की शुल्क आपोआप वाढावं आणि ठरावीक पातळीच्या वर गेला की आपोआप उतरावं, म्हणजे शहरातल्या गिऱ्हाइकालाही संरक्षण राहील आणि कोणाच्या मर्जीची वाट बघावी लागणार नाही. आणि खरेदी केंद्रं आवकेच्या आधी उघडावीत. लवकर येणारी पांढरी तूर डिसेंबरातच मोंढ्यात दिसू लागते. काटा, बारदाना आणि ग्रेडर त्या वेळी तिथे हजर पाहिजेत.